नकाशात नसलेली वाघीण

आबाजी निपाने यांच्याबरोबर पहिल्यांदा जंगल पाहायला निघालो, तेव्हा मी नवे जोडे घातले होते. यात चूक काय, असं कोणी विचारील. चूक ही, की ते वाजणारे होते. त्या काळी ज्याचा जोडा वाजत नाही त्याची नोकरी अजून कायम झालेली नाही, असा आमच्या नागपूरच्या महाल भागात साधारण समज होता. मी इतवारीतल्या मोच्याला खास सांगून तळाच्या दोन थरांमध्ये बिब्बे घालून घेतले होते. पाऊल टेकलं की कर्र, उचललं की कर्र. मी आमच्या गल्लीच्या तोंडाशी वळलो, की घरात सौभाग्यवती पाट मांडायला घेत असे.

उमरेडच्या पुढे बैलबंडीतून उतरून आम्ही चौघे जण रानात शिरलो. दहा पावलं गेलो असू. सगळ्यांत पुढे चाललेले आबाजी थांबले आणि मागे न वळता म्हणाले, "नाना, तुमच्या पायात काय हाय जी?"

"जोडे."

"थे जोडे नाई. थो दवंडीवाला हाय. उतरवा त्याले."

जोडे गळ्यात अडकवून मी उरलेलं जंगल अनवाणी पाहिलं. म्हणजे जंगल इतरांनी पाहिलं, मी माझी पावलं पाहिली. परतताना बंडीत आबाजींचा एक शिरस्ता असे. प्रत्येकानं आज काय पाहिलं ते एकेक सांगायचं, आणि दुसऱ्यानं सांगितलेलं पुन्हा सांगायचं नाही. एकानं मोर सांगितला, दुसऱ्यानं चितळांचा कळप सांगितला. माझी पाळी आल्यावर मी खरं तेच बोललो.

"काटे."

मंडळी हसली. आबाजी हसले नाहीत. "बराबर," ते म्हणाले. "कायचे काटे?"

ते मी पाहिलं नव्हतं.

"मंग नाई पाह्यले. टोचले नुस्ते," असं म्हणून त्यांनी पुढच्याकडे मान वळवली.

आबाजी जंगलखात्यात ट्रेसर होते. साहेब लोक मोजणी करून येत, त्यांचे कच्चे कागद यांच्यापुढे पडत आणि हे त्यांचे नकाशे करत. आमच्या कचेरीच्या मागे एक बैठी इमारत होती, तिच्या टोकाच्या खोलीत उत्तरेच्या खिडकीशी त्यांचं मेज. मी पुढच्या इमारतीत रेकॉर्ड सांभाळणारा कारकून. माझ्या धुळीतून उठून त्यांच्या शाईपाशी पान खायला जाणं, ही माझी दुपारची सहल. माणूस ठेंगणा, काळी टोपी, चष्म्याची एक दांडी तुटलेली म्हणून तिच्या जागी कानाभोवती सुताचा फास. उमरेडच्या विणकरांचं घराणं. "बाप धागा सोडे, मी रेघ सोडतो," असं म्हणत. त्यांची रेघ पाहिली की खरंच वाटे, की ही शाईची नाही, ताणून बसवलेली आहे.

'जवळ' आणि 'लांब' हे शब्द त्यांच्या तोंडात नव्हते. पोस्ट कुठे आहे, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "आठशे चाळीस पावलं." मग माझ्या पायांकडे पाहिलं आणि म्हणाले, "माही. तुमची सातशे."

माणूस किती खरा असावा याला काही मर्यादा असते, असं मला त्यांच्या मुलीच्या लग्नात वाटलं. त्यांचं घर नागपूरच्या बाहेर, उमरेडच्या वाटेला, पत्ता सांगून सापडण्यासारखं नव्हतं. म्हणून त्यांनी प्रत्येक आमंत्रणाच्या पाठीवर स्वतःच्या हातानं घरापर्यंतचा नकाशा काढला. त्यात विहीर होती, दोन निंब होते, एक मोडकी भिंत होती, आणि एका वळणावर बारीक अक्षरांत लिहिलं होतं, 'येथे कुत्रे आहे.' लग्नाला दोन दिवस राहिले असताना घामाघूम होऊन आबाजी आमच्या दारात उभे. मला वाटलं, मुलाकडचे फिरले. मी पाणी आणायला सांगितलं.

"पानी राहू द्या. थे आमंत्रन कुठी हाय?"

मी आमंत्रण दिलं. त्यांनी खिशातून टाक काढला, दौत काढली, उंबऱ्यावर बसून 'येथे कुत्रे आहे' यावर एक सरळ रेघ मारली आणि फुंकर घातली.

"मेलं बिचारं काल," म्हणाले. "अजून अकरा घरं राह्यले," आणि निघून गेले.

असा हा माणूस शिकारीचे नकाशे काढत असे. सगळं रान तेव्हा ब्लॉकांत वाटलेलं होतं. अर्ज करायचा, पर्मिट मिळवायचं, पंधरा दिवस तो ब्लॉक तुमचा. तुम्ही आणि तुमची बंदूक. कुठला ब्लॉक कधी रिकामा आहे, हे आबाजींना तोंडपाठ. रिकाम्या ब्लॉकात ते वरिष्ठांना विचारून आमच्यासारख्या चारसहा लोकांना घेऊन जात. शनिवारी दुपारी इतवारीहून छोट्या गाडीनं उमरेड, रात्री त्यांच्या भावाच्या घरी मागाच्या खोलीत मुक्काम, पहाटे सोमाची बंडी. सोमा हा जंगलाकाठच्या छोट्या वस्तीवरचा, टोल्यावरचा गोंड. आबाजींच्या बरोबरीचा, आणि त्यांच्याहून कमी बोलणारा. म्हणजे जवळजवळ न बोलणारा.

महालातल्या लोकांना हा प्रकार कळत नसे. जंगलात जायचं ते लाकडाला, मोहाला, नाही तर बंदूक घेऊन. नुसतं पाहायला? आमचे शेजारी एकदा म्हणाले, "पाहून मग काय करता?" मी तेच आबाजींना विचारलं, तर म्हणाले, "त्यायले इचारा, देवळात जाऊन काय करता." पुढे बराच वेळ निब पुसत राहिले. मग म्हणाले, "एखांदं रान असं पायजे नाना, का जिथं बंदुकीले पर्मिट नाई. डोयालेच हाय. तिकीट काढा, पाहा, घरी जा."

तिकीट काढून जंगल पाहायचं, या कल्पनेला मी पोट धरून हसलो. मी ज्या ज्या गोष्टींना हसलो त्या पुढे खऱ्या झाल्या, हा माझ्या आयुष्याचा एकूण हिशेब आहे.

एका फाल्गुनात आमच्या गल्लीतल्या चार बायकांनी जंगल पाहायचा हट्ट धरला. आबाजींची पहिली अट "तोंड घरी ठेवून या" अशी असल्यामुळे, हे जमायचं नाही, असं आम्ही पुरुषांनी एकमतानं ठरवलं. सोबतीला म्हणून मी गेलो. एका पाणवठ्याजवळ मोहाच्या बुंध्याला टेकून सगळ्यांना बसवलं. तासभर कोणी हाललं नाही. मी दोनदा शिंक दाबली आणि तिसऱ्यांदा ती दबली नाही, एवढाच काय तो आवाज. तरी माझ्या शिंकेनंतर बऱ्याच वेळानं एक सांबराची मादी पाण्यावर आली, प्यायली आणि गेली.

बंडीत परतताना आमच्या सौभाग्यवतीची पाळी आली. ती म्हणाली, "पाणी पिताना तिनं तीनदा मान वर केली. आणि तिन्ही वेळा आमच्याकडे नाही, वारा येत होता तिकडे."

आबाजींनी सोमाला बंडी थांबवायला सांगितलं. खाली उतरले आणि तिला हात जोडले. "वहिनी, बावीस वर्सं झाले मले लोकं आनून राहिलो. असं कोनी सांगतलं नाई." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "नाना, पुढच्या खेपेले तुमी घरी राहा. घर कोनी तरी पाह्यले पायजे."

पुढच्या खेपेला मी तरीही गेलो, आणि तिथेच घोटाळा झाला.

उन्हाळा लागला होता. नाले कोरडे पडले होते. आबाजी, सोमा आणि मी, तिघेच होतो. नाल्याच्या एका वळणावर, जांभळीच्या दाटीत, खडकातून पाझरणारी एक झरी आबाजींना त्याच वर्षी सापडली होती. जुन्या नकाशात ती नव्हती. ती नीट मोजायची म्हणून ते पावलं टाकत होते. एकशे साठाव्या पावलाला सोमानं त्यांचं उपरणं धरलं.

झरीपलीकडच्या सावलीत वाघीण पडली होती. तिच्या पोटाशी दोन पिलं, मांजराएवढी. एक तिच्या शेपटीशी खेळत होतं, ती शेपटी उचले, ते पडे, पुन्हा उठे. किती वेळ पाहिलं, मला सांगता येत नाही. आबाजींना येतं, ते म्हणाले, दोनशे श्वास.

बंडीपाशी आल्यावर त्या दिवशी त्यांनी कोणाला काय पाहिलं ते विचारलं नाही. फक्त म्हणाले, "नाना, पानी पडेपर्यंत हे कोनाले सांगू नका जी. या दिसात त्या झरीशिवाय तिले दुसरं पानी नाई. जो कोनी तिथं मचान बांधन, त्याले ती आयतीच सापडन."

मी शपथ घेतली. ती शपथ सोमवारच्या दुपारपर्यंत टिकली. मला माझी बाजू मांडू द्या. आमच्या कचेरीत सोळा वर्षांत माझं कोणतंही वाक्य शेवटापर्यंत कोणी ऐकून घेतलेलं नव्हतं. त्या दुपारी मी "वाघीण" एवढंच म्हणालो आणि आठ माणसांनी लेखण्या खाली ठेवल्या. अशा वेळी कोण थांबेल? मी झरी सांगितली, जांभळी सांगितल्या, शेपटी सांगितली. पिलं तीन केली. ऐकणाऱ्यांत साहेबांच्या कानाशी असणारे हेडक्लार्क, बडेबाबू, होते, हे मी पाहिलं नाही. मला दिसले फक्त.

चौथ्या दिवशी पान घेऊन नकाशाखोलीत गेलो, तर आबाजींच्या मेजावर एक चिठ्ठी होती. कोणी मोठे साहेब बाहेरून पाहुणे येणार होते. त्यांना येत्या सोमवारपासून तोच ब्लॉक दिला होता. नवा नकाशा शनिवारपर्यंत तयार हवा, आणि 'नव्याने आढळलेला पाणवठा' त्यात स्पष्ट दाखवावा, अशी वरून सूचना होती.

मी चिठ्ठी वाचली. पान तोंडातच राहिलं. आबाजींनी माझ्याकडे पाहिलंच नाही. ते निब पुसत होते. स्वच्छ झालेलं निब पुसत होते.

"आबाजी," मी म्हणालो, "चूक माझी."

"हो."

"एक करा. ती झरी विसरा. जुन्या नकाशात नव्हतीच. कोणाला कळणार आहे?"

आता मात्र त्यांनी वर पाहिलं. मी जणू त्यांना बापाचं नाव बदलायला सांगितलं होतं.

"उद्या कोनी तहानलेला मानूस हा नकाशा पाहून चालन," ते सावकाश म्हणाले. "दहा वर्सानं चालन. पोस्टाचा मानूस असन, गुराखी असन. त्याले मी काय सांगू? का तुह्या तहानीच्या वक्ती मी वाघिनीचा विचार करत होतो?"

त्यांनी टाक बुडवला, आणि माझ्यासमोर त्या नाल्याच्या वळणावर निळ्या शाईचा एक बारीक थेंब ठेवला. झरी नकाशात आली. शाई वाळेपर्यंत ते तिच्याकडे पाहत राहिले.

"झरी राहीन," म्हणाले. "पन वाघीन काई माह्या नकाशात नसते. तिनं कुठी राहावं, हे मले कोनी लिहून दिलं नाई." मग टोपी उचलली. "नाना, थे जोडे हाये का अजून?"

"कुठले?"

"दवंडीवाले."

नकाशा त्याच संध्याकाळी वर पोहोचवून, बावीस वर्षांत पहिल्यांदा आबाजींनी दोन दिवसांची रजा घेतली. मीही घेतली, माझ्या रजेचं कोणाला काही वाटलं नाही. शुक्रवारी दुपारी आम्ही सोमाच्या बंडीत होतो, माझ्या मांडीवर जोडे. बेत आबाजींनी वाटेतच सांगितला. पिलंवाली वाघीण जागेला चिकटून असते. पण त्या जागेत माणसाची वर्दळ झाली, की ती पिलं उचलते आणि दुसरीकडे नेते. हाकारा करावा, तर सगळ्या गावाला कळेल. बंदुकीचा बार काढावा, तर खात्याला कळेल. साहेबाची शिकार सरकारी माणसानं उठवली असं कोणी लिहून दिलं असतं, तर नोकरी गेली असती आणि पेन्शनही. माणूस यायला लागलाय, एवढं फक्त तिला कळलं पाहिजे.

"मंग नानाच्या जोड्याहून चांगलं काय हाय?" आबाजी म्हणाले.

"मी जातो," मी म्हणालो. हे वाक्य मी खरोखर म्हणालो, सोमा साक्षी होता. आवाज फुटला की नाही, याबद्दल त्याचं मत वेगळं पडलं असतं.

"जोडे तुमचे, पाय माहे," आबाजींनी सांगितलं. "तुमी गेले, तं ती तिथंच बसून राहीन. मजा पाहत."

जोडे त्यांना मोठे होत होते. त्यांनी पुढे चिंध्या कोंबल्या, वरून सुतळी बांधली. धोतर गुडघ्यापर्यंत खोचून हा ठेंगणा माणूस, कानाला सूत बांधलेला, त्या भल्या मोठ्या जोड्यांत उभा राहिला. एरवी मी हसलो असतो. सोमानं बंडीतली कुऱ्हाड पुढे केली. आबाजींनी मान हलवली आणि नाल्यात उतरले.

मी बंडीत बसून ऐकत होतो. कर्र. कर्र. कर्र. माझ्या स्वतःच्या चालण्याचा आवाज माझ्यापासून दूर जात होता, ही काही सुखाची गोष्ट नव्हे. मी पावलं मोजत होतो. शंभर. एकशे वीस. एकशे पन्नास. एकशे अठ्ठावन्नला आवाज थांबला.

रान इतकं गप्प झालं, की बैलाच्या शेपटीवरची माशी ऐकू येत होती. मग नाल्यातून एक आवाज आला. डरकाळी म्हणावी असा नव्हता. जात्यात पहिली मूठ पडावी तसा. सोमा उभा राहिला. मी त्याचा हात धरला, आणि मला वाटतं, आबाजींच्या घरी वहिनींना काय सांगायचं, याची वाक्यं मी जुळवायला लागलो. एकही जुळेना.

कर्र.

बऱ्याच वेळानं, दुसरं. कर्र. आवाज आमच्याकडे येत होता, पण लय उलटी होती. माणूस पाठमोरा, एकेक पाऊल मागे टाकत येत होता.

आबाजी नाल्यातून वर आले तेव्हा टोपी हातात होती आणि चेहरा घामानं निथळत होता. "होती," म्हणाले. "उठून बसली. मी खाली पाह्यलं, ती पाहे. मंग मी मनलं, बाई, आता समजून घे." त्यांनी बंडीच्या चाकाला टेकून बराच वेळ श्वास घेतला. "पानी दे गा सोमा."

दुसऱ्या दिवशी सकाळी उन्हं वर आल्यावर ते पुन्हा गेले, तसेच वाजत. या वेळी थांबले नाहीत. थोड्या वेळानं त्यांची शीळ आली. आम्ही दोघं उतरलो. झरीपलीकडची सावली रिकामी होती. ओल्या वाळूत सोमा ओणवा झाला आणि बोट टेकवत टेकवत पुढे सरकला. वाघिणीची पावलं टेकडीकडे गेली होती, परत आली होती, पुन्हा गेली होती. जाणारी खोल, येणारी उथळ. पिलांचं पाऊल एकही नव्हतं.

"दोन खेपा," सोमा म्हणाला. त्या दोन दिवसांत तो एवढंच बोलला.

"पलीकडच्या ब्लॉकात गेली," आबाजी म्हणाले. "तिथं पन पानी हाय, तिलेच ठाव असन. अन् थो ब्लॉक पावसापर्यंत बंद हाय." त्यांनी टेकडीकडे पाहिलं, आणि मग स्वतःच्या पायांकडे. जोडे झरीच्या चिखलात घोट्यापर्यंत रुतले होते.

साहेब आले. पाच दिवस मचाणावर बसले. एक मोर, काही वानरं आणि पुष्कळसं ऊन पाहून परतले. नकाशा चुकीचा असल्याची तक्रार झाली. आबाजींना बोलावणं आलं. त्यांनी विचारलं, झरी जागेवर होती का? होती. पाणी होतं का? होतं. "मंग नकाशा बराबर हाय साहेब," असं म्हणून ते मेजावर परत येऊन बसले. त्या दिवशी पान त्यांनी दिलं, मी नाही.

"नाना," म्हणाले, "हे मातर सांगू नका जी कोनाले. माह्या पेन्शनीची गोष्ट हाय."

जोडे मी घरी आणले, वाळवले, तेल दिलं. पण बिब्बे भिजून गेले होते. ते पुन्हा कधी वाजले नाहीत. मी गल्लीत वळलो, की सौभाग्यवतीला कळत नसे, आणि जेवण उशिरा मिळे.

मग लढाई आली, कागद महाग झाला, आबाजी पेन्शनीत निघून उमरेडला भावाकडे राहायला गेले. बारीक रेघांनी त्यांचे डोळे नेले, असं कानावर आलं होतं. परवा इतवारी स्टेशनात अचानक दिसले. बाकावर बसले होते, चष्म्याची काच जाड झालेली, सुताचा फास तोच. मी समोर जाऊन उभा राहिलो. त्यांनी ओळखलं नाही. हाक मारली तेव्हा हसले.

"नाना. जोडे मुके झाले तुमचे, म्हून ओयखू नाई आलं."

थोडं बोललो. सोमा गेल्या साली गेला, असं म्हणाले. वाघिणीचं एक पिल्लू पुढे मोठं झालेलं त्यांनी पाहिलं होतं. "पाह्यलं," असं त्यांनी दोनदा सांगितलं. छोटी गाडी लागली. मी त्यांना खिडकीशी बसवलं. गाडी हलता हलता त्यांना आठवलं.

"आता थे जोड्याची गोष्ट सांगाले हरकत नाई जी. पेन्शन बसली माही."

इतकी वर्षं तोंड शिवून बसलेल्या माणसाला शोभेल अशा गांभीर्यानं मी मान डोलावली. गाडी पुढे सरकली. त्यांचा हात खिडकीच्या चौकटीवर होता, आणि पहिलं बोट लाकडावर सावकाश चाललं होतं. पुढे रूळ डावीकडे वळले, तशी बोटानंही वळण घेतलं. डोळे मिटलेले होते. शेवटचा डबा वळणाआड जाईपर्यंत मी उभा होतो.

घरी आलो. दारात जोडे काढले आणि सौभाग्यवतीला मोठ्या उत्साहानं सांगितलं, की आबाजींनी परवानगी दिली, आता ती गोष्ट मी चारचौघांत सांगू शकतो.

ती तांदूळ निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं नाही. दारातल्या जोड्यांकडे एकदा पाहिलं.

"जोडे एकाच खेपेत गप्प राहायला शिकले हो," ती म्हणाली.